चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फेऱ्या

त्या सोमवारी प्रशासक साहेबांनी आम्हा फिजिओथेरपिस्टना केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं नाही. बोरिवलीच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. समोरच्याला उभं ठेवून बोलणारा माणूस घाईत असतो आणि घाईतल्या माणसाकडून काहीतरी जास्त काढून घेता येतं, एवढं मी शिकले होते. म्हणून आधी त्यांना बोलू दिलं.

साहेबांच्या हातात एक यादी होती. रोज संध्याकाळी वॉर्डातल्या काही पेशंटच्या नावापुढे आम्ही 'आज शक्य झालं नाही' असं लिहून घरी जायचो. कुणाचा गुडघा नुकताच बदललेला, कुणाला पक्षाघाताचा झटका आलेला, कुणाच्या छातीत कफ भरलेला. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिलेले, पण आम्ही त्या बेडपर्यंत पोचलेलोच नसायचो.

"अंधेरीची एक एजन्सी आहे," साहेब म्हणाले. "त्यांची माणसं येऊन वॉर्ड बघतील. पंधरा मिनिटांत एक पेशंट. कुणी सुटणार नाही. तुम्ही खाली ओपीडी सांभाळा. ओपीडीला तिघं पुरे."

विभागात प्रमुख बाई सोडून आम्ही पाच जण. म्हणजे दोघं घरी जाणार. आणि झटका आलेल्या माणसाला बेडवर उठवून बसवायला अर्ध्या तासाच्या जागी पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत तो माणूस फार तर हलवून होतो, बसवून होत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"एक तारखेपासून."

एक तारीख नऊ दिवसांवर होती. "साहेब, तीन महिने द्या."

"तीन महिने? यादी बघितलीत का तुम्ही?"

"मग किती देता?"

"पंधरा दिवस."

"पुढच्या महिन्याची अखेर. तोपर्यंत यादी रिकामी झाली नाही, तर एजन्सीच्या माणसांना मी स्वतः वॉर्ड दाखवीन."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. मला तेवढेच दिवस हवे होते. तीन महिने मी मागण्यासाठी मागितले होते.

ही पद्धत माझ्या वडिलांची. ते गोरेगाव पूर्वेला शूटिंगसाठी खुर्च्या, पलंग, कपाटं पाठीवरून वाहायचे, मग स्वतःचा टेम्पो घेऊन वाहायला लागले. ते सांगायचे, भाड्यावर कधी भांडू नये, सामान किती वाजता उचलायचं त्यावर भांडावं. भाव दिसतो, त्यामुळे समोरचा तो सोडत नाही. वेळ दिसत नाही, म्हणून सोडतो.

हे सगळं चालू असताना आमच्या विभागप्रमुख बाई शेजारी उभ्या होत्या. बोलायला त्यांनी हवं होतं. तीन वर्षांपूर्वी त्या बाहेरून आल्या. त्याआधी दोन वर्षं विभाग मीच चालवत होते, 'तात्पुरती' म्हणून. जागा भरायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे मास्टर्स नाही, हे साहेबांना आठवलं. मास्टर्स करायच्या वयात मी ड्यूटी संपल्यावर कांदिवली-मालाडला घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले खांदे सोडवत होते, कारण घरी तेव्हा एकच टेम्पो होता आणि तोही गॅरेजमध्ये. बाई माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्यांच्या स्वागताचा गुच्छ आणायचं काम मला सांगितलं गेलं. मी स्टेशनबाहेरून त्यातल्या त्यात सुकलेली शेवंती आणली. हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

पण आता माझ्या रागापेक्षा एजन्सी जवळ आली होती.

पहिला आठवडा आम्ही काहीही बदललं नाही, नुसतं लिहिलं. प्रत्येकाच्या खिशात एक छोटी वही. खोलीतून निघालो कधी, बेडशी पोचलो कधी, पेशंटला हात लावला कधी, हात सोडला कधी. बरोबरचा एक जण वैतागला.

"ताई, बाथरूमला गेलो तेही लिहायचं का?"

"लिही. किती वेळ लागला तेही लिही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, डॉक्टरला दाखव."

आठवड्याअखेर पाच वह्या टेबलावर पसरल्या. मला वाटलं होतं, आपण फार काम करतो म्हणून पेशंट सुटतात. वह्यांत वेगळंच निघालं. आम्ही काम कमी आणि चालणं जास्त करत होतो. सकाळी आम्ही पाचव्या मजल्यापासून सुरुवात करून एकेक मजला खाली यायचो, बेडच्या नंबराप्रमाणे. अशीच पद्धत होती, कुणी लावली माहीत नाही. चौथ्या मजल्यावर पोचावं तर पहिल्या पेशंटचं स्पंज चाललेलं, मावशी अंग पुसत असायच्या. दुसऱ्याचा नाश्ता चाललेला. तिसऱ्याभोवती डॉक्टरांचा राउंड. चौथा एक्सरेला खाली गेलेला. सगळीकडे एकच उत्तर, "मॅडम, नंतर या." आम्ही 'नंतर येते' म्हणून पुढच्या मजल्यावर जायचो आणि नंतर पुन्हा वर. अशा फेऱ्यांना मी वहीत 'रिकामी फेरी' असं नाव दिलं. एका दिवशी माझ्या एकटीच्या नऊ रिकाम्या फेऱ्या निघाल्या, त्यातल्या सहा चौथ्या मजल्यावरच्या.

आणि दुसरी गोष्ट निघाली, ती मला आवडली नाही.

शेवटच्या तासात आम्ही पाचही जण खाली खोलीत बसलेलो असायचो. पेशंट वर पडून आणि आम्ही खाली रजिस्टर लिहीत. कॉम्प्युटरवर नोंद करायचोच, शिवाय हातानं एक मोठं रजिस्टर. पेशंटचं नाव, बेड, काय केलं, किती वेळ, पेशंट काय म्हणाला. हे रजिस्टर हॉस्पिटलचं नव्हतं. ते मी सुरू केलं होतं, ज्या महिन्यात जागा माझ्याऐवजी बाईंना मिळाली त्या महिन्यात. उद्या कुणी विचारलं की मी दिवसभर काय करते, तर पुरावा हवा, म्हणून. मग एकटीचंच दिसायला नको, म्हणून सगळ्यांना लिहायला लावलं.

बाई त्या संध्याकाळी खोलीच्या दारात येऊन थांबल्या. टेबलावरचं रजिस्टर त्यांनी उघडून पाहिलं.

"ताई, हे कोण वाचतं?"

"गरज पडेल तेव्हा वाचतील."

"तीन वर्षांत पडली?"

"तुम्हाला पडली नसेल. काम आम्ही करतो ना."

खोलीत कुणी मान वर केली नाही. बाई रजिस्टर मिटून गेल्या. मी अर्धं पान आणखी लिहिलं, त्यातलं एकही अक्षर मला दुसऱ्या दिवशी लागलं नाही. घरी जाताना बसमध्ये हिशेब केला. पाच माणसं, रोज पाऊण तास. तेवढ्यात यादीतले बहुतेक पेशंट झाले असते. अंधेरीच्या एजन्सीला वाट मी करून दिली होती, माझ्या राग लिहून ठेवायच्या सवयीनं. रात्रभर मी माझीच बाजू मांडून पाहिली. टिकली नाही. सकाळी सगळी रजिस्टरं स्टीलच्या कपाटात घातली आणि बरोबरच्यांना सांगितलं, "आजपासून बंद." कारण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि बरंच झालं.

मग मी चौथ्या मजल्यावर सौदा करायला गेले.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या, बोरिवलीत बावीस वर्षं काढलेल्या. त्यांच्या वॉर्डात त्यांच्या परवानगीशिवाय पंखासुद्धा फिरत नाही, असं लोक म्हणायचे.

"सिस्टर, माझ्या चार पेशंटचं स्पंज आधी करून द्याल?"

"का? तुझे पेशंट काय लाडके आहेत? सगळे माझे पेशंट आहेत."

"छातीवाल्यांना नाश्त्याच्या आधी घ्यायला लागतं. खाल्ल्यावर कफ सुटायला छाती ठोकली तर ओकतात."

"ते मला शिकवते?"

"नाही. आणि गुडघ्यावाल्यांना दुखण्याचं इंजेक्शन किती वाजता दिलं ते मला बोर्डवर लिहिलेलं हवं. इंजेक्शननंतर तासाभरानं आले तर तो उभा राहतो. आधी आले तर नुसता ओरडतो."

"बोर्डवर लिहायला माझ्याकडे माणूस नाही."

त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचा एक हात सारखा कमरेवर जात होता. मागे दोन नर्स एका जाड पेशंटला वर सरकवत होत्या, वाकून, पाठीच्या जोरावर. खुर्च्या-कपाटं उचलणाऱ्याच्या घरात मी वाढले. अशी पाठ किती वर्षं टिकते ते मी बघितलेलं आहे.

"सिस्टर, ड्यूटी बदलताना रोज दहा मिनिटं मला द्या. तुमच्या मुलींना आणि मावशींना पेशंट कसा उचलायचा ते शिकवते. कंबर वाचेल."

"दहा नाही. पंधरा. आणि तू स्वतः शिकवणार. तुमच्या विभागातली ती नवीन मुलगी पाठवायची नाही."

"पंधरा दिले तर तुम्ही बोर्डवर वेळ लिहायची आणि पेशंट खुर्चीत बसवून ठेवायचा. मी आले की थेट सुरुवात."

"बघू."

"बघू नको, सिस्टर. हो म्हणा."

"हो. जा आता, राउंड येतोय."

वॉर्डबॉय मामांशी वेगळा सौदा झाला. चौथ्या मजल्याचा वॉकर कधीच सापडायचा नाही. सात-आठ मिनिटं शोधल्यावर तो चादरींच्या कपाटामागे निघायचा.

"मामा, वॉकर लपवता कशाला?"

"लपवत नाय मॅडम, सांभाळून ठेवतो. पाचव्यावाले चोर आहेत."

"आणि पाचव्याचा वॉकर इथे कसा?"

"तो पण सांभाळतोय."

मी नर्सकडून लाल नेलपॉलिश घेतलं आणि प्रत्येक वॉकरच्या पायावर मजल्याचा आकडा काढला. मामांनी तो पहिल्या बेडच्या पायथ्याशी ठेवायचं कबूल केलं. त्या बदल्यात, पाचव्यावाले न्यायला आले तर भांडायचं काम माझं. ते मला तसंही आवडतं.

यादी आखडायला लागली. मजल्यांचा क्रम आम्ही सोडून दिला. सकाळी आधी छातीवाले, मग बोर्डवर इंजेक्शनची वेळ बघून गुडघे, आणि राउंड संपून वॉर्ड शांत झाला की झटका आलेले. महिना अर्धा सरला तेव्हा संध्याकाळी तीन नावं उरायची, कधी दोन. मला चटक लागली. दोनाचं शून्य करायच्या नादात मी बेडशी मिनिटं कापायला लागले.

चौथ्या मजल्यावर अठरा नंबरच्या बेडवर मढची एक बाई होती. मालाडच्या बाजारात मासे विकायची, उजवी बाजू झटक्यानं लुळी पडलेली. तिला मी सलग दोन दिवस बारा-बारा मिनिटांत उरकलं. उठवलं, बेडच्या कडेला बसवलं, उभं केलं, टिक केली. तिसऱ्या दिवशी मी गेले तर तिनं डाव्या हातानं बेडची दांडी घट्ट धरली.

"नाय उठायची मी."

"का हो मावशी? काल तर उभ्या राहिलात."

"काल उभी रायले? नीट बघितलास तू?"

"बघितलं की."

"बघितलास नाय. तू घड्याल बघत होतीस. बाय, घाईतलं गिऱ्हाईक आलं ना, की मी त्याला शिला माल घालते. त्याला कलत पण नाय. तुला मी दोन दिस शिला माल दिलाय."

मी तिला पुन्हा उभं केलं आणि या वेळी खाली वाकून तिच्या पायांखाली हात घातले. डावं पाऊल जमिनीत रुतल्यासारखं दाबलेलं. उजव्याखालून माझी बोटं सहज आरपार गेली. दोन दिवस ती एका पायावर उभी राहत होती आणि मी फाइलमध्ये 'दोन्ही पायांवर उभी राहिली' असं लिहीत होते. घरी जाऊन ती पहिल्या पायरीवर पडली असती.

"आता ताजा माल द्या," मी म्हणाले.

"किती वेल हाय तुझ्याकडे?"

"अर्धा तास."

"नक्की? मग बस जरा. आधी माझा पाय चोळ, थंड पडलाय. मग बघू."

पस्तीस मिनिटं लागली. शेवटी उजव्या पायानं वजन घेतलं, चारच श्वास, पण घेतलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि तोंडात मला उद्देशून एक शिवी. त्या संध्याकाळी यादीत चार नावं उरली.

त्या दिवशी मी ठरवलं, वेळ कापायचा तो जिन्यात, लिफ्टपाशी, कपाटामागे. बेडशी एक मिनिटही नाही. पण मग वाचवायला आता काही उरलं नव्हतं, आणि हातात बारा दिवस होते. चार पेशंट जास्त आणि माणसं तेवढीच. एक माणूस होता, जो वॉर्डात येत नव्हता.

बाईंच्या केबिनचं दार मी ठोठावलं. तीन वर्षांत स्वतःहून पहिल्यांदा. आत जाईपर्यंत माझे कान तापले होते.

"मॅडम, तुम्ही चार बेड घ्या. चौथ्या मजल्यावरचे. रोज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, नाही म्हणतील, मग मला भांडता येईल.

"घेते," त्या म्हणाल्या. "पण महिनाअखेर साहेबांसमोर मांडणी मी करणार. विभागाच्या वतीनं."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं मी त्यांना पुस्तकी समजत होते. त्यांना भाव करता येत होता.

"वह्या माझ्या आहेत," मी म्हणाले.

"मला माहीत आहे. बेड माझे चार."

"पाच."

"चार, ताई. आणि रविवारी ज्याची पाळी असेल त्याच्या मदतीला मी येईन."

रविवार मी मागितलाही नव्हता. मी हो म्हणाले. बाई दुसऱ्या दिवशी सव्वाआठला वॉर्डात हजर होत्या आणि हात चांगला होता त्यांचा, हे मला मान्य करावं लागलं, मनातल्या मनात. शेवटचे दहा दिवस यादी रोज संध्याकाळी कोरी राहिली. मढची मावशी त्याच दिवसांत वॉकर धरून दारापर्यंत चालत गेली, पाचव्या मजल्याच्या वॉकरनं.

महिनाअखेरची बैठक साहेबांच्या केबिनमध्येच झाली. या वेळी खुर्च्या होत्या. बाईंनी पडद्यावर आलेख दाखवले, रिकाम्या फेऱ्यांचे, वॉकरचे, स्पंजच्या वेळांचे. प्रत्येक पानाखाली त्यांचं नाव. साहेबांनी "एक्सलंट, मॅडम" असं तीनदा म्हटलं. मी मोजलं. हे मी बाईंना विकलं होतं, तरी प्रत्येक वेळी मला ते परत हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. बाईंनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे एजन्सीची गरज नाही," साहेब शेवटी म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकले. "तुम्ही एवढा वेळ वाचवलाच आहे, तर झटक्याच्या पेशंटला अर्ध्या तासाच्या ऐवजी वीस मिनिटं करू या? त्यात ओपीडीपण वाढवता येईल."

मी उठून उभी राहिले. उठायला नको होतं, पण उठले.

"साहेब, वाचवलेला वेळ तुमचा नाही आणि माझाही नाही. तो आम्ही जिन्यातून उचलून बेडशी नेलाय. तो तिथून हलवायचा असेल तर एजन्सीच बोलवा. पंधरा मिनिटांत एक पेशंट. घरी जाऊन पडले की ते परत इथेच येतील, तुटलेलं हाड घेऊन, आणि विचारतील कुणी घरी पाठवलं."

आवाज जरा चढला असावा, कारण बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला.

"बसा हो," साहेब म्हणाले. "रागावता काय लगेच."

"लिहून द्या. वॉर्ड आमच्याकडे, पाच माणसं, झटक्याच्या पेशंटला अर्धा तास."

"मी सांगतोय ना."

"सांगितलेलं तुमच्यानंतर येणाऱ्याला ऐकू जाणार नाही."

तेव्हा बाई बोलल्या, अगदी हळू. "सर, लेखी असलेलं बरं. मलाही सोयीचं पडेल." त्या माझ्यासाठी बोलल्या की स्वतःसाठी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मी ते साहेबांच्या केबिनबाहेरच उभी राहून वाचलं. वॉर्ड विभागाकडेच राहील, ठीक. पाचही जागा कायम, ठीक. झटक्याच्या पेशंटसाठी 'तीस मिनिटांपर्यंत' वेळ देण्यात यावा.

मी दार ढकलून आत गेले.

"आता काय?" साहेब म्हणाले.

"तीस मिनिटांपर्यंत म्हणजे पाचही चालतील. इथे किमान तीस हवं."

"एका शब्दासाठी पत्र परत टाइप करायचं?"

"हो."

"उद्या करतो."

"मी थांबते."

त्यांनी घंटी दाबून टायपिस्टला बोलावलं. प्रिंट यायला थोडा वेळ लागला. साहेब माझ्याकडे न बघता फाइल चाळत राहिले आणि मी टेबलाशी उभी राहिले. नवं पत्र आलं तेव्हा मी ते पहिल्या ओळीपासून वाचलं, सही झालेली बघितली, दोन प्रती काढून घेतल्या. एक बाईंच्या टेबलावर ठेवली, एक चौथ्या मजल्याच्या सिस्टरच्या हातात दिली. बोर्डवर दोन नंबरच्या गुडघ्याचं इंजेक्शन देऊन पाऊण तास झाला होता. अजून पंधरा मिनिटं होती. मी अठरा नंबरच्या नव्या पेशंटच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याचा थंड पाय चोळायला घेतला.